ग्राहकनिष्ठा बक्षीस योजना : एक चिकित्सा
(वर्ध्यातील खादीविचाराच्या विशेष संदर्भात)

सारांश

मॉल, औषधांची दुकाने, पेट्रोल पंप, सराफी पेढ्या आणि मोबाइलवरून होणारी खरेदी अशा सर्वच ठिकाणी आज ग्राहकाला 'पॉइंट' दिले जातात. वाणिज्य शाखेच्या अध्यापनात या योजनांकडे प्रामुख्याने विक्रेत्याच्या यशाचे साधन म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार ग्राहकाच्या बाजूने केला आहे. पॉइंट ही भेट नसून किमतीचाच एक भाग आहे, या योजनांमुळे निष्ठेपेक्षा खरेदीची गती बदलते, आणि 'निष्ठा' या शब्दाचा वेगळा अर्थ वर्धा जिल्ह्यातच १९४४-४५ च्या सुमारास खादीच्या निमित्ताने मांडला गेला होता, असे तीन मुद्दे येथे मांडले आहेत.

बीजशब्द : ग्राहकनिष्ठा, पॉइंट, उधारी, खादी, चरखा संघ, ग्राहक संरक्षण

प्रस्तावना

मराठीत 'गिऱ्हाईक' या शब्दाला दोन छटा आहेत. दुकानात येणारा तो गिऱ्हाईक. आणि ज्याची फजिती करायची, त्याचेही 'गिऱ्हाईक केले' असे आपण म्हणतो. 'ग्राहक' या संस्कृतनिष्ठ शब्दाने पहिला अर्थ उचलला आणि दुसरा मागे ठेवला. ग्राहकनिष्ठा योजनांचा अभ्यास करताना मात्र हा दुसरा अर्थ विसरून चालत नाही. दुकानदाराने दिलेला पॉइंट आवळा आहे की त्याच्या बदल्यात कोहळा काढला जात आहे, हा प्रश्न प्रत्येक ग्राहकाने विचारण्याजोगा आहे.

या विषयाकडे अध्यापकवर्गाने लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या महाविद्यालयांतून वाणिज्य शाखेचे जे विद्यार्थी बाहेर पडतात, त्यांपैकी अनेक जण पुढे वर्धा, हिंगणघाट, पुलगाव किंवा नागपूर येथील दुकानांत बिलाच्या काउंटरवर उभे राहतात आणि समोरच्या माणसाला मोबाइल क्रमांक विचारतात. तो क्रमांक कशासाठी विचारला जातो हे त्यांना वर्गात सांगितले गेले आहे काय? विपणनाच्या पाठ्यपुस्तकांत 'ग्राहक टिकवणे' हे प्रकरण असते. ग्राहकाने स्वतःला कसे टिकवावे, हे प्रकरण नसते. प्रस्तुत लेख सर्वेक्षणावर आधारित नसून प्रकाशित संशोधन, कायद्यातील तरतुदी आणि खादी चळवळीचा इतिहास यांच्या आधारे केलेले विवेचन आहे.

योजनांचे स्वरूप आणि वाटचाल

खरेदीवर बक्षीस देण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने १८९६ मध्ये दुकानदारांना तिकिटे पुरवण्यास सुरुवात केली. ग्राहकाने ती वहीत चिकटवायची आणि वही भरली की वस्तू घ्यायची, अशी ती पद्धत होती. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासाच्या मैलांवर बक्षीस देण्याची योजना संगणकाच्या आधारे सुरू केली. १९९५ मध्ये ब्रिटनमधील टेस्को या दुकानसाखळीने क्लबकार्ड आणले, तेव्हा या योजनांचे स्वरूप पालटले. बक्षीस गौण ठरले आणि कोणता ग्राहक काय, केव्हा व किती घेतो याची माहिती प्रमुख ठरली.

भारतात शॉपर्स स्टॉपची 'फर्स्ट सिटिझन' ही योजना १९९४ पासूनची. पुढे अनेक दुकानांचे पॉइंट एकाच कार्डावर जमा करणाऱ्या योजना आल्या आणि २०२२ मध्ये टाटा समूहाने 'टाटा न्यू' या ॲपद्वारे आपल्या निरनिराळ्या व्यवसायांतील खरेदी एका बक्षीस-चलनाशी जोडली. दुसऱ्या बाजूला, २००२ मध्ये मुंबईत पवई येथे पहिले दुकान काढणाऱ्या डी-मार्टने पॉइंटच्या कार्डाचा आधार न घेता, दररोज कमी भाव या एकाच तत्त्वावर आपला विस्तार केला. ग्राहक पुन्हा यावा यासाठी पॉइंट अपरिहार्य असतात, हे गृहीतक यामुळे तपासून पाहणे भाग पडते.

पॉइंट : भेट की किमतीचा भाग?

पॉइंट फुकट मिळतात, ही सर्वसाधारण समजूत आहे. हिशेबशास्त्र ती मान्य करत नाही. भारतात एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या 'इंड एएस ११५' या लेखा मानकानुसार, ग्राहकाला महत्त्वाचा लाभ देणारे पॉइंट ही विक्रेत्याची स्वतंत्र जबाबदारी समजली जाते. ग्राहकाने दिलेल्या रकमेतील काही भाग वस्तूचा आणि काही भाग पॉइंटचा, अशी विभागणी करावी लागते; पॉइंटचा भाग ते वटवले जाईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत उत्पन्नात धरता येत नाही. किती पॉइंट कधीच वटवले जाणार नाहीत, याचा अंदाज बांधण्याचीही सोय मानकात आहे. म्हणजे कंपनीच्या वहीत पॉइंट हे ग्राहकाचे आगाऊ आलेले पैसे असतात. काउंटरवर मात्र तेच 'भेट' म्हणून सांगितले जातात.

येथे आपल्या परिचयाच्या किराणा दुकानातील उधारीशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. उधारीच्या खात्यात दुकानदार धनको असतो आणि गिऱ्हाईक ऋणको. गिऱ्हाईक पगाराला किंवा कापूस विकल्यावर पैसे देईल, या भरवशावर दुकानदार स्वतःची रक्कम धोक्यात घालतो. पॉइंटच्या योजनेत हे नाते उलटते. ग्राहक आधी पैसे देतो आणि त्यातील काही भाग दुकानदाराकडे बिनव्याजी ठेवतो. या ठेवीची मुदत, किंमत आणि वटवण्याच्या अटी दुकानदार एकतर्फी ठरवतो व बदलतो. उधारीत दुकानदार गिऱ्हाइकावर विश्वास टाकतो. पॉइंटमध्ये ग्राहक दुकानदारावर विश्वास टाकतो आणि त्याचे श्रेय मात्र दुकानदार घेतो.

याचा अर्थ उधारी आदर्श होती असा नव्हे. उधारीने बांधलेल्या गिऱ्हाइकाला भाव करण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. कृषी केंद्रातून बी-बियाणे व औषधे उधारीवर उचलणाऱ्या विदर्भातील कापूस उत्पादकाला हे सांगण्याची गरज नाही. मुद्दा एवढाच की उधारीतील बंधन दोन्ही बाजूंना दिसत असते. वहीवर आकडा असतो आणि तो कोणाकडून कोणाला येणे आहे, हे अशिक्षित माणसालाही कळते.

एक साधे काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखादे कुटुंब दरमहा २,००० रुपयांचा किराणा एकाच दुकानातून घेते. १०० रुपयांना एक पॉइंट, एका पॉइंटची किंमत एक रुपया आणि किमान २५० पॉइंट झाल्याशिवाय ते वटवता येत नाहीत, अशी अट आहे. वर्षभरात खरेदी २४,००० रुपयांची होते आणि पॉइंट जमतात २४०. दहा पॉइंट कमी पडतात. ते मिळवण्यासाठी आणखी १,००० रुपयांची खरेदी करावी लागते. वर्षअखेरीस पॉइंटची मुदत संपत असेल तर ही खरेदी होण्याचीच शक्यता अधिक. याच वर्षात त्या दुकानाचे भाव शेजारच्या दुकानापेक्षा सरासरी दोन टक्क्यांनी जास्त असतील, तर कुटुंबाने ४८० रुपये जादा दिलेले असतात. २५० रुपयांचे बक्षीस डोळ्यांना दिसते. ४८० रुपयांची जादा किंमत दिसत नाही, कारण कार्ड हाती आल्यापासून भावांची तुलना करणेच थांबलेले असते. अर्थात शेजारच्या दुकानाचे भाव तेवढेच किंवा जास्त असतील, तर हा हिशेब ग्राहकाच्या बाजूने झुकेल. म्हणूनच तुलना करत राहणे महत्त्वाचे. आणि योजनेचा भर नेमका ती थांबवण्यावर असतो.

निष्ठा की गती?

या योजनांमुळे ग्राहक खरोखर निष्ठावान होतो काय, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. ग्रॅहम डाउलिंग आणि मार्क अंकल्स यांनी १९९७ मध्येच असा प्रश्न उपस्थित केला होता की, बहुतेक योजना ग्राहकाचे मूळ वर्तन फारसे बदलत नाहीत; एकाने योजना काढली की प्रतिस्पर्धीही काढतो आणि खर्च तेवढा वाढतो. युपिंग लिऊ यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात मात्र एक लक्षणीय भेद आढळला. आधीपासून भरपूर खरेदी करणाऱ्या ग्राहकांनी बक्षिसे घेतली, पण त्यांच्या खरेदीत विशेष फरक पडला नाही. कमी व मध्यम खरेदी करणाऱ्यांची खरेदी मात्र वाढली. दुसऱ्या शब्दांत, जो आधीच येत होता त्याला लाभ मिळाला; जो हात राखून खर्च करत होता, त्याचा हात सैल झाला. विक्रेत्याच्या दृष्टीने हे यश आहे. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाच्या दृष्टीने त्याला यश म्हणता येईल काय?

हात सैल कसा होतो, याचेही उत्तर प्रयोगांतून मिळते. उद्दिष्ट जवळ आले की धावण्याचा वेग वाढतो, हे क्लार्क हल यांनी १९३० च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांतून मांडले होते. रॅन किवेत्झ, ओलेग उर्मिन्स्की आणि युहुआंग झेंग यांनी २००६ मध्ये हेच कॉफीच्या दुकानातील कार्डाबाबत दाखवून दिले. मोफत कप जवळ येऊ लागला तसे ग्राहक अधिक लवकर परत येऊ लागले आणि बक्षीस मिळाल्यावर पुन्हा मंदावले. त्याच वर्षी जोसेफ नूनेस व झेवियर ड्रेझ यांनी मोटार धुण्याच्या केंद्रावर ३०० कार्डे वाटली. निम्म्या कार्डांवर आठ शिक्के हवे होते. उरलेल्यांवर दहा, पण त्यांपैकी दोन आधीच मारलेले होते. प्रत्यक्षात दोन्ही गटांना आठच वेळा यायचे होते. पहिल्या गटातील १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केले, तर दुसऱ्या गटातील ३४ टक्के लोकांनी.

हे निष्कर्ष नीट पाहिल्यास 'निष्ठा' हा शब्दच येथे अयोग्य वाटू लागतो. बक्षीस मिळताच जी मंदावते, ती निष्ठा नव्हे. दोन फुकट शिक्क्यांनी जी जवळजवळ दुप्पट होते, तिला विवेकही म्हणता येत नाही. निष्ठेत माणूस आपले हित काही काळ बाजूला ठेवण्यास तयार असतो. येथे त्याला सतत सांगितले जाते की हे तुझ्याच हिताचे आहे. या योजनांना 'खरेदी-गती योजना' म्हटले तर ते अधिक प्रामाणिक ठरेल.

ज्याचा खर्च, त्याला बक्षीस नाही

बक्षीस नेहमी पैसे देणाऱ्यालाच मिळते असेही नाही. घराला रंग देताना रंगाच्या डब्यातील टोकन रंगाऱ्याला मिळते, ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. रंगाचे पैसे घरमालक देतो आणि कोणता रंग चांगला हे सांगणाऱ्या रंगाऱ्याची निष्ठा कंपनी विकत घेते. सिमेंट, विजेचे सामान, नळजोडणी या व्यवसायांतही मिस्त्रींसाठी अशा योजना असतात. कृषी निविष्ठांच्या विक्रीत विक्रेत्यांना ठरावीक उठावावर बक्षिसे व सहली दिल्या जातात. सल्ला देणाराच बक्षिसाचा मानकरी असेल, तर सल्ल्याचा भार शेवटी ज्याच्या शेतावर पडतो त्याला हे माहीत असावे, ही अपेक्षा गैरवाजवी नाही. सेलू, देवळी किंवा समुद्रपूर तालुक्यातील शेतकरी फवारणीचे औषध निवडताना दुकानदाराच्या शब्दावर विसंबतो. त्या शब्दामागे उठावाचे उद्दिष्ट असेल, तर ते त्याच्यापासून झाकलेले असते.

दुसरा प्रश्न विषमतेचा आहे. स्कॉट शू, ओझ शाय आणि जोआना स्टॅव्हिन्स यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील क्रेडिट कार्डांच्या बक्षिसांचा अभ्यास करून असे दाखवले की, कार्डाचा खर्च सर्वांच्याच भावात मिसळत असल्याने रोखीने घेणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर गमावते आणि कार्ड वापरणारे सरासरी कुटुंब १,१३३ डॉलर मिळवते. भारतात यूपीआय व रूपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नसल्याने परिस्थिती तंतोतंत तशी नाही. तथापि क्रेडिट कार्डावरील शुल्क येथेही आहे आणि ते कार्ड प्राधान्याने नियमित पगार असणाऱ्याच्या खिशात आहे. त्या वर्गात आपणही येतो. आपल्या कार्डावर जमणारे पॉइंट बँकेच्या औदार्यातून येत नाहीत. ते व्यापाऱ्याकडून आणि पर्यायाने त्याच दुकानात रोखीने घेणाऱ्या माणसाकडूनही येतात.

वर्ध्याचा वेगळा प्रयोग

ग्राहकाला वस्तूशी जोडण्याचा एक निराळा प्रयत्न वर्धा जिल्ह्याच्या भूमीवर झाला होता. अखिल भारत चरखा संघाची स्थापना सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे झाली. १९३४ च्या अखेरीस वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे मंत्री झाले. मगनवाडी हे त्याचे केंद्र होते. वस्तू विकत घेणारा माणूस त्या वस्तूच्या निर्मितीमागील परिस्थितीचा भागीदार ठरतो, हा विचार कुमारप्पांनी आपल्या लेखनातून सातत्याने मांडला. त्यांच्या दृष्टीने ग्राहकाची निष्ठा दुकानाशी नसून उत्पादकाशी असते.

मे १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यानंतर गांधीजींनी त्याच वर्षी सेवाग्राम येथे चरखा संघाच्या कार्याची पुनर्मांडणी केली. खादी केवळ विकली जाण्यात त्यांना समाधान नव्हते. जो कातेल त्याने नेसावे आणि जो नेसेल त्याने कातावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यानुसार १९४५ पासून खादी घेणाऱ्याने किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने द्यावा, अशी अट संघाने घातली. आजच्या भाषेत सांगायचे तर ही उलटी निष्ठा योजना होती. येथे दुकान ग्राहकाला काही देत नव्हते, तर ग्राहकाकडून श्रम मागत होते. विक्री वाढावी हा हेतू नव्हता. ती घटली तरी चालेल, पण घेणाऱ्याला करणाऱ्याचे कष्ट कळावेत, हा हेतू होता.

या प्रयोगाचे मूल्यमापन भाबडेपणाने करू नये. ही अट फार काळ टिकली नाही. ज्याला कातण्यास वेळ नाही त्याने खादी वापरूच नये काय, हा आक्षेप रास्त होता. सूत दुसऱ्याकडून मिळवून अट पुरी करण्याची पळवाटही उघड होती. शिवाय अट ही शेवटी सक्तीच असते. तरीही तिचा एक गुण नजरेआड करता येत नाही. ती आपला हेतू लपवत नव्हती. काय मागितले जात आहे आणि का, हे ग्राहकाला तोंडावर सांगितले जात होते. आजच्या योजनांत नेमके हेच घडत नाही.

पुढील इतिहास अधिक बोलका आहे. स्वातंत्र्यानंतर खादीचा उठाव प्रामुख्याने शासकीय सूट-योजनेवर अवलंबून राहिला. सुताची जागा सुटीने घेतली. परिणामी विक्री २ ऑक्टोबरच्या आसपासच्या सुटीच्या काळात एकवटू लागली आणि ग्राहक खादीची नव्हे, सुटीची वाट पाहू लागला. एप्रिल २०१० पासून केंद्र शासनाने सुटीऐवजी उत्पादनमूल्याच्या २० टक्के 'बाजार विकास साहाय्य' देण्याची पद्धत आणली. तीत कातणाऱ्या-विणणाऱ्यांचाही हिस्सा ठरवून दिला गेला आणि २०१६ पासून ती सुधारित स्वरूपात आली. खादीसारख्या मूल्याधिष्ठित वस्तूलाही सवलतीची सवय लागली की ग्राहकाची नजर वस्तूवरून सवलतीकडे वळते. मग साबण व बिस्किटांची काय कथा! दुसरीकडे, लाभाचा काही भाग उत्पादकाकडे वळवणे शक्य असते, हेही या बदलातून दिसते.

कायद्याची चौकट आणि एक प्रतिवाद

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधील 'अनुचित व्यापारी प्रथे'च्या व्याख्येत, ज्याची किंमत व्यवहारातच पूर्णतः वा अंशतः वसूल केली आहे ते फुकट दिल्याचा आभास निर्माण करणे, याचा समावेश आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराविना इतरांना देणे, हेही त्याच व्याख्येत येते. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने बिलासाठी मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये, अशी सूचना विक्रेत्यांना केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि ३० नोव्हेंबर रोजी ग्राहकाला फसव्या मांडणीने खरेदीकडे ढकलणाऱ्या १३ प्रकारांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली. चौकट आहे, तिची जाणीव काउंटरच्या दोन्ही बाजूंना अपुरी आहे.

या चिकित्सेला एक सबळ उत्तर देता येते, आणि ते नोंदवणे न्याय्य होईल. ब्रिटनमधील स्पर्धा नियामकाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सभासदांसाठीच्या सवलत-किमतींची तपासणी करून सुमारे ५०,००० वस्तूंपैकी ९२ टक्के वस्तूंवरील बचत नेहमीच्या भावाच्या तुलनेत खरी असल्याचे म्हटले. अर्थात सर्वच योजना फसव्या असतात, असे विधान करता येणार नाही. मात्र बचत खरी असली तरी ती आपली माहिती देणाऱ्यालाच मिळते. माहिती न देणाऱ्याने त्याच वस्तूला अधिक पैसे मोजायचे, म्हणजे खासगीपणावर कर लावण्यासारखेच आहे. फसवणूक नाही एवढ्याने न्याय सिद्ध होत नाही.

निष्कर्ष

१. पॉइंट हा किमतीचा आगाऊ घेतलेला भाग आहे. तो भेट म्हणून सांगणे हिशेबाच्या आणि कायद्याच्याही दृष्टीने शंकास्पद आहे.

२. या योजना निष्ठेपेक्षा खरेदीची गती वाढवतात. आणि ती जपून खर्च करणाऱ्याच्या बाबतीत अधिक वाढते, असे उपलब्ध संशोधनातून सूचित होते.

३. सल्ला देणाऱ्याला मिळणारे बक्षीस पैसे देणाऱ्याला उघडपणे सांगितले जावे. कृषी निविष्ठांच्या बाबतीत हे विशेष निकडीचे आहे.

४. वर्ध्यातील खादीविचाराने निष्ठेचा संबंध दुकानाशी न जोडता श्रमाशी जोडला. सुताची अट आज कोणी घालणार नाही. परंतु वस्तू कोणी, कोणत्या परिस्थितीत केली, हा तिच्यामागील प्रश्न बिलाच्या काउंटरवर आजही विचारता येतो.

५. वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अध्यापनात ग्राहकनिष्ठेचे प्रकरण शिकवताना विद्यार्थ्यांकडून एखाद्या प्रत्यक्ष योजनेच्या अटी वाचून घ्याव्यात आणि पॉइंटची रुपयांतील किंमत, मुदत व किमान मर्यादा काढून वार्षिक हिशेब मांडून घ्यावा. एका तासिकेत होणारे हे काम आहे. हा हिशेब ज्याने एकदा केला, तो पुढे काउंटरच्या कोणत्याही बाजूला उभा राहिला तरी समोरच्या माणसाचे 'गिऱ्हाईक' करणार नाही आणि स्वतःचेही होऊ देणार नाही, अशी अपेक्षा बाळगण्यास हरकत नसावी.